महाविद्यालयीन फुटबॉलपटूंचा मुदतपूर्व व्यवसायप्रवेश

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत महाविद्यालयीन फुटबॉल खेळणाऱ्या विद्यार्थ्याने खेळण्याची मुदत शिल्लक असतानाच विद्यापीठ सोडून व्यावसायिक संघांच्या वार्षिक निवडप्रक्रियेत, म्हणजे ‘ड्राफ्ट’मध्ये, नाव नोंदविण्याची प्रथा. येथे फुटबॉल हा शब्द त्या देशातील अर्थानेच घ्यावयाचा आहे. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावण्याचा, तो फेकण्याचा आणि प्रतिपक्षाच्या खेळाडूला अंगाने अडवून पाडण्याचा हा खेळ भारतात परिचित असलेल्या फुटबॉलहून सर्वस्वी वेगळा आहे. त्यातील महाविद्यालयीन खेळाडूला सामान्यतः पाच वर्षांच्या अवधीत चार हंगाम खेळता येतात. हे चार हंगाम पूर्ण न करता तिसऱ्या, क्वचित दुसऱ्या हंगामानंतर तो बाहेर पडतो, तेव्हा त्यास मुदतपूर्व प्रवेश म्हणतात.

हा प्रश्न फुटबॉलमध्ये विशेष तीव्र होण्याचे कारण त्या खेळाच्या रचनेत आहे. बेसबॉलमध्ये व्यावसायिक संघांचे स्वतःचे कनिष्ठ संघ असतात आणि शालेय शिक्षण संपताच मुलाला त्यांत दाखल होता येते. फुटबॉलमध्ये अशी व्यवस्था नाही. नॅशनल फुटबॉल लीग (यापुढे ‘लीग’) ही व्यावसायिक संघांची संघटना आपले खेळाडू जवळजवळ पूर्णतः विद्यापीठांकडून घेते; म्हणजे त्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च विद्यापीठे करतात आणि तयार खेळाडू लीगला विनामूल्य मिळतो. विद्यापीठांचाही यात तोटा नसतो. मोठ्या विद्यापीठांच्या सामन्यांना ऐंशी हजार ते एक लाख प्रेक्षक जमतात आणि दूरचित्रवाणीच्या हक्कांतून प्रचंड उत्पन्न होते. खेळाडूला मात्र अनेक दशके शिक्षणशुल्क, निवास व भोजन एवढ्याच स्वरूपाचा मोबदला मिळत असे. खेळाडूने केव्हा जावे, या प्रश्नात दोन्ही संस्थांचे हितसंबंध अशा रीतीने पहिल्यापासून गुंतलेले आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : मुदतपूर्व प्रवेशाचे पहिले गाजलेले उदाहरण रेड ग्रेंज (१९०३–९१) याचे होय. इलिनॉय विद्यापीठाच्या या विख्यात खेळाडूने नोव्हेंबर १९२५ मध्ये आपला अखेरचा महाविद्यालयीन सामना खेळताच शिकागो बेअर्स या संघाशी करार केला आणि त्याच आठवड्यात तो व्यावसायिक मैदानावर उतरला. त्याच्या दौऱ्यांना लोटलेल्या गर्दीने बाल्यावस्थेत असलेल्या लीगला प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु पदवी न घेताच त्याने विद्यापीठ सोडले, म्हणून विद्यापीठीय वर्तुळात संताप उसळला. विद्यापीठांशी वैर घेणे परवडणारे नसल्याने १९२६ मध्ये लीगने असा नियम केला, की खेळाडूच्या बरोबरीच्या वर्गाची पदवी होईपर्यंत कोणत्याही संघाने त्याच्याशी करार करू नये. नियमाचा उगम लक्षात घेण्यासारखा आहे. तो विद्यार्थ्याच्या कल्याणासाठी नव्हे, तर दोन संस्थांमधील तहाचे कलम म्हणून अस्तित्वात आला.

ड्राफ्टची कल्पना फिलाडेल्फिया ईगल्स संघाचा मालक बर्ट बेल (१८९५–१९५९) याने मांडली. चांगल्या खेळाडूंसाठी संघांत चढाओढ होऊन श्रीमंत संघच वरचढ ठरत. त्यावर उपाय म्हणून मागील हंगामात तळाशी असलेल्या संघाला पहिली निवड द्यावी, असे ठरले. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फिया येथे झालेल्या पहिल्या ड्राफ्टमध्ये नऊ संघांनी ८१ खेळाडू निवडले. पहिली निवड ठरलेला शिकागो विद्यापीठाचा जे बर्वँगर (१९१४–२००२) व्यावसायिक सामना कधीच खेळला नाही. वेतनाबाबत एकमत न झाल्याने त्याने रबरी मालाच्या विक्रीची नोकरी पत्करली. त्या काळी फुटबॉलहून साध्या नोकरीत अधिक स्थैर्य होते, आणि म्हणूनच मुदतपूर्व प्रवेशाचा मोह फारसा नव्हता. आता लीगमध्ये ३२ संघ असून ड्राफ्टच्या सात फेऱ्या होतात. त्यांत सु. २५० ते २६० खेळाडू निवडले जातात.

नियमाला पहिला मोठा धक्का बसला तो प्रतिस्पर्धी संघटनेकडून. १९८३ मध्ये सुरू झालेल्या युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीगमधील न्यू जर्सी जनरल्स या संघाने जॉर्जिया विद्यापीठाच्या हर्शेल वॉकर याला एक हंगाम शिल्लक असतानाच करारबद्ध केले. वॉकरने नुकताच, १९८२ चा, हाइझमन करंडक (वर्षातील सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूचा मान) मिळविला होता. पुढे याच नव्या संघटनेचा स्वतःचा पात्रतानियम १९८४ मध्ये एका संघीय न्यायालयाने मक्तेदारीविरोधी कायद्याच्या विरुद्ध ठरविला. बास्केटबॉलमध्ये तर १९७१ सालीच स्पेन्सर हेवुडच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूच्या बाजूने कौल दिला होता. १९८९ मध्ये ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचा बॅरी सँडर्स याला लीगने अपवाद म्हणून प्रवेश दिला. नियमभंगाबद्दल त्याच्या विद्यापीठावर कारवाई झाली होती, हे त्यासाठी कारण देण्यात आले. अपवाद एकदा केल्यावर नियम टिकविणे अवघड होते. न्यायालयात हरण्यापेक्षा आपणहून माघार घेणे बरे, असा विचार करून लीगने १९९० मध्ये शालेय शिक्षण संपून तीन वर्षे झालेल्या खेळाडूंना ड्राफ्ट खुला केला. त्या वर्षीची पहिली निवड, इलिनॉयचा क्वार्टरबॅक जेफ जॉर्ज, हीच मुदतपूर्व आलेल्या खेळाडूची होती. फ्लॉरिडा विद्यापीठाचा एमिट स्मिथ हाही त्याच वर्षी एक हंगाम सोडून बाहेर पडला. पुढे तो लीगमध्ये धावेच्या यार्डांचा विक्रमवीर झाला आणि आईला दिलेल्या वचनानुसार १९९६ मध्ये त्याने पदवीही पूर्ण केली.

तीन वर्षांचा नियम व क्लॅरेट खटला : तीन वर्षांच्या अटीचे समर्थन करताना लीग मुख्यतः शरीराच्या वाढीचा मुद्दा मांडते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचे हाड व स्नायू तिशीतील व्यावसायिकाचा आघात सोसण्याइतके पक्व झालेले नसतात. अडविणाऱ्या अवजड खेळाडूंच्या बाबतीत हे म्हणणे पटण्यासारखे आहे. रनिंग बॅक म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूंच्या बाबतीत मात्र ते उलटते. कारण त्यांची उमेदीची वर्षे विशीच्या पूर्वार्धातच असतात आणि दर हंगामी शेकडो वेळा ते जमिनीवर आदळले जातात. विद्यापीठात घेतलेला प्रत्येक आघात हा त्यांच्या मोजक्या भांडवलातून बिनमोल खर्च होतो.

या अटीची कसोटी मॉरिस क्लॅरेट याच्या प्रकरणात लागली. ओहायओ स्टेट विद्यापीठाच्या या रनिंग बॅकने पहिल्याच वर्षी संघाला राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला. ३ जानेवारी २००३ रोजी मायॅमी विद्यापीठाविरुद्ध झालेल्या अंतिम सामन्यात दुसऱ्या जादा डावातील विजयी टचडाउन त्याचेच होते. पुढील हंगामात विद्यापीठाने गैरलाभ स्वीकारल्याच्या कारणावरून त्याला निलंबित केले. विद्यापीठात खेळता येत नाही आणि लीग घेत नाही, अशा अवस्थेत त्याने लीगविरुद्ध दावा लावला. फेब्रुवारी २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायालयात न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी निकाल त्याच्या बाजूने दिला. परंतु मे महिन्यात अपील न्यायालयाने तो फिरविला. हा निकाल पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या सोनिया सोटोमायोर यांनी लिहिला. पात्रतेच्या अटी हा मालक व खेळाडूंची संघटना यांच्यातील सामुदायिक सौद्याचा विषय आहे; कामगारकायद्याच्या छत्राखालील अशा बाबीला मक्तेदारीविरोधी कायदा लागू होत नाही, असा त्याचा आशय होता.

कायद्याच्या दृष्टीने हे विवेचन सुसंगत आहे. त्यातील अडचण अशी, की ज्यांना नियमाने बाहेर ठेवले जाते ते त्या संघटनेचे सभासदच नसतात. सभासद असलेल्या खेळाडूंना तर तरुण उमेदवार उशिरा आलेलेच सोयीचे असतात. लीग, विद्यापीठे आणि खेळाडूंची संघटना या तिन्ही पक्षांचे हित ज्यात आहे, असा हा नियम चौथ्या पक्षाच्या अनुपस्थितीत ठरतो.

खटल्याचा फटका एका त्रयस्थालाही बसला. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा माइक विल्यम्स याने जिल्हा न्यायालयाच्या निकालावर विसंबून एजंट नेमला व ड्राफ्टसाठी नाव दिले. अपिलाच्या निकालाने ते दार बंद झाले आणि महाविद्यालयीन खेळाचे नियमन करणाऱ्या नॅशनल कॉलिजिएट ॲथ्‌लेटिक असोसिएशनने त्याला परत घेतले नाही. २००४ चा पूर्ण हंगाम त्याला मैदानाबाहेर काढावा लागला. २००५ मध्ये डेट्रॉइट लायन्सने त्याला दहाव्या क्रमांकावर निवडले. क्लॅरेटला त्याच वर्षी डेन्व्हर ब्राँकोसने तिसऱ्या फेरीत घेतले. पण हंगाम सुरू होण्यापूर्वीच संघातून वगळले.

निर्णयाचे स्वरूप : तिसऱ्या हंगामाच्या शेवटी, जानेवारीच्या मध्यापर्यंत, खेळाडूला निर्णय कळवावा लागतो. नाव मागे घेण्याची छोटी मुदत संपली आणि ड्राफ्टसाठी एजंटाशी करार झाला, की परतीची वाट व्यवहारतः बंद होते. वय सामान्यतः वीस-एकवीस; सल्ला देणारे प्रशिक्षक, एजंट, नातलग यांपैकी बहुतेकांचा एखादा स्वार्थ गुंतलेला. लीगने यासाठी एक सल्लागार समिती नेमली असून ती विचारणा करणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच्या अपेक्षित फेरीचा अंदाज कळविते. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये शंभराच्या जवळपास विद्यार्थी मुदतपूर्व आले आणि त्यांपैकी सु. तिसरा हिस्सा निवडीविनाच राहिला. त्यानंतर समितीने आपली उत्तरे पहिली फेरी, दुसरी फेरी किंवा विद्यापीठात राहावे, अशा तीन प्रकारांपुरती मर्यादित केली.

थांबणे आणि जाणे या दोहोंतही धोका असतो. सदर्न कॅलिफोर्नियाचा क्वार्टरबॅक मॅट बार्कली पहिल्या फेरीचा मानला जात असता २०१२ च्या हंगामासाठी थांबला, खांद्याला दुखापत झाली आणि तो चौथ्या फेरीपर्यंत घसरला. याउलट स्टॅनफर्डचा अँड्रू लक एक वर्ष थांबूनही २०१२ मध्ये पहिलीच निवड ठरला. साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या मार्कस लॅटिमोरला २०११ व २०१२ अशा लागोपाठ दोन हंगामांत गुडघ्याच्या गंभीर दुखापती झाल्या. २०१३ मध्ये त्याची चौथ्या फेरीत निवड झाली खरी. पण एकही सामना न खेळता २०१४ मध्ये त्याने निवृत्ती घेतली. त्याच विद्यापीठाचा जॅडेव्हियन क्लाउनी २०१२ च्या हंगामानंतर इतका नावाजला गेला होता, की तीन वर्षांची अट नसती तर तो लगेच निवडला गेला असता. अटीमुळे राहिलेला २०१३ चा हंगाम त्याने अजिबात खेळू नये, अशीही चर्चा झाली. तो खेळला, सुखरूप राहिला आणि २०१४ ची पहिली निवड ठरला. दुखापतीविरुद्ध विमा उतरविण्याची सोय आहे; तथापि विम्याची रक्कम गमावलेल्या कारकीर्दीच्या तुलनेत अल्पच असते. डिसेंबर २०१६ मध्ये लेनर्ड फोर्नेट व क्रिश्चन मॅकॅफ्री या दोन रनिंग बॅकांनी ड्राफ्टसाठी नाव देऊन हंगामाच्या अखेरीचा ‘बोल’ सामना खेळण्यास नकार दिला, तेव्हा निष्ठेचा प्रश्न उपस्थित करणारी बरीच टीका झाली. दोघेही पहिल्या आठांत निवडले गेले, आणि पुढे ही रीत रूढ झाली.

आर्थिक बाजू : २०१० पर्यंत नवोदितांच्या वेतनाला कडक मर्यादा नव्हती. त्या वर्षीची पहिली निवड सॅम ब्रॅडफर्ड याचा करार सहा वर्षांचा, सु. ७.८ कोटी डॉलरचा होता. २०११ च्या सामुदायिक करारानंतर क्रमांकानुसार वेतन ठरू लागले. त्या वर्षी पहिला आलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांसाठी सु. २.२ कोटी डॉलर मिळाले. पहिल्या कराराची किंमत उतरल्याने खेळाडू विद्यापीठात अधिक काळ राहतील, असे वाटणे साहजिक होते. घडले उलट. खरी कमाई आता दुसऱ्या करारात असल्याने चार वर्षांचा पहिला करार जितक्या लवकर सुरू होईल तितके बरे, असा हिशेब खेळाडू करू लागले. खेळाडूंच्या संघटनेच्या मते व्यावसायिक कारकीर्द सरासरीने तीन वर्षांहून थोडीच अधिक असते. लीगला हा आकडा मान्य नाही. परंतु दुसऱ्या करारापर्यंत न पोहोचणारे पुष्कळ असतात, याविषयी वाद नाही. २०१८ व २०१९ मध्ये मुदतपूर्व आलेल्यांची संख्या शंभरावर गेली.

ही लाट ओसरली ती सल्ल्याने वा नियमाने नव्हे. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणविषयक लाभांवर असोसिएशनने घातलेल्या मर्यादा एकमताने बेकायदा ठरविल्या आणि १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःचे नाव व प्रतिमा यांच्या वापराबद्दल पैसे घेण्याची मुभा मिळाली. विद्यापीठ बदलण्याचे नियमही सैल झाले. महामारीमुळे २०२० चा हंगाम मुदतीत न धरल्याने अनेकांना एक जादा वर्षही मिळाले होते. २०२४ मध्ये मुदतपूर्व प्रवेश घेणाऱ्यांची संख्या साठाच्या खाली आली. त्याच वर्षी ओहायओ स्टेटचे एमेका एग्बुका, ट्रव्हेऑन हेंडरसन, जॅक सॉयर इ. खेळाडू ड्राफ्टचा मार्ग मोकळा असताना विद्यापीठात राहिले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आता थेट खेळाडूंना पैसे देऊ शकतात. २०२५-२६ साठी ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सु. २.०५ कोटी डॉलर होती.

बदलाचा परिणाम सर्वांवर सारखा नाही. तिसऱ्या-चौथ्या फेरीची अपेक्षा असणाऱ्याला विद्यापीठातील एक वर्ष आता व्यावसायिक वेतनाच्या तोडीचे वाटू शकते. पहिल्या फेरीतील खेळाडूंचे गणित मात्र जवळजवळ पूर्वीचेच राहिले आहे. २०२४ ची पहिली निवड ठरलेला केलेब विल्यम्स जाहिरातींतून कमाई करीत असतानाही तीन हंगाम पूर्ण होताच बाहेर पडला.