रापलेली कातडी आणि शिजलेला टोमॅटो

भोर-वेल्ह्याच्या शिवारात पन्नाशीतल्या माणसाचं वय चेहऱ्यावरून सांगायला गेलं तर हमखास चुकतं. चेहरा आणि मान साठीची दिसते, सदऱ्याखालचा दंड मात्र चाळिशीचा. कातडी एकाच माणसाची, फरक फक्त उन्हाचा. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी लांब लहरींचे किरण त्वचेच्या खालच्या थरापर्यंत पोचतात. त्यांच्यामुळे तिथे अशी विकरं वाढतात, जी त्वचेला ताठ ठेवणारं कोलॅजेन तोडतात. सुरकुत्या पडतात त्या मुख्यतः यामुळे. लावणीच्या दिवसांत आभाळ भरलेलं असतं म्हणून बिनधास्त राहावं, तर पातळ ढगांतून या किरणांचा मोठा भाग खाली येतोच. शिवरे काय, नसरापूर काय, शेतावर राबणाऱ्यांची यातून सुटका नाही. म्हणून ताटातल्या एखाद्या पदार्थाने ही झीज कमी होते का, हा प्रश्न शहरातल्या सौंदर्य-दुकानांपेक्षा इथे जास्त खरा आहे.

उत्तर ‘होय, थोडी’ असं आहे, आणि त्यातल्या ‘थोडी’ला फार महत्त्व आहे. झाडाला ऊन लागलं म्हणून सावलीत जाऊन बसता येत नाही. उन्हाचा मारा सोसण्यासाठी ते जी द्रव्यं तयार करतं, त्यांत कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं येतात. टोमॅटोचा लाल रंग ज्याचा, ते लायकोपिन त्यांपैकीच. खाल्लेलं लायकोपिन रक्तातून त्वचेत येऊन साठतं आणि उन्हाने तयार झालेला उपद्रवी ऑक्सिजन शमवतं. २००१ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संशोधकांनी काही जणांना रोज ४० ग्रॅम टोमॅटोचा आटवलेला गर ऑलिव्ह तेलाबरोबर दिला. चौथ्या आठवड्यात काहीच फरक दिसला नाही. दहाव्या आठवड्यात मात्र अतिनील प्रकाशाने येणारी त्वचेची लाली नुसतं तेल घेणाऱ्यांपेक्षा ४० टक्के कमी भरली. २०११ मध्ये इंग्लंडमध्ये २० स्त्रियांवर १२ आठवडे असाच प्रयोग झाला. त्यात कोलॅजेन तोडणारं विकरही कमी वाढलेलं आढळलं, म्हणजे गोष्ट लालीपुरती राहिली नाही. माणसं मोजकीच होती, हे खरं. पण दोन्हींचा रोख एकाच दिशेला आहे.

आता स्वयंपाकघरातला हिशेब. त्या गरातलं १६ मिलिग्रॅम लायकोपिन मिळवायला साधारण अर्धा किलो पिकलेले टोमॅटो लागतात. शिवाय ते शिजवून, तेलाबरोबर खायला हवेत, कारण उष्णतेने पेशी फुटतात आणि लायकोपिन स्निग्धातच विरघळतं. कोशिंबिरीतल्या चार कच्च्या फोडींपेक्षा तेलात परतून आटवलेली चटणी म्हणूनच सरस. वरणात टाकलेल्या एका टोमॅटोने काम भागत नाही. आणि २०२३ च्या जुलैसारखा भाव शंभरीपार गेला की हा सल्ला निव्वळ थट्टा ठरतो.

कोणी म्हणेल, ऊन रोखणाऱ्या मलमाच्या डबीवर ३० चा आकडा असतो, टोमॅटोला फार तर दीडचा मिळेल. मग एवढा खटाटोप कशाला? आकडा बरोबर आहे. पण तीसचं मलम जाड थराने आणि दर दोन तासांनी लावलं तरच तीसचं राहतं. ऑक्टोबरच्या उन्हात भात काढताना घामाने ते कधीच ओघळून जातं, आणि मुळात लावतं कोण? त्वचेत मुरलेलं संरक्षण तोकडं असलं तरी घामाने धुपत नाही, मानेमागे लावायचं राहून जात नाही. उन्हाचं वय वर्षानुवर्षं साचत जातं, तिथे सततची छोटी कपातही मोलाची. ती पुरेशी मात्र नाही.

मग तेच द्रव्य गोळीतून का घेऊ नये? ऑस्ट्रेलियात नॅम्बर गावी साडेचार वर्षं चाललेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१३ मध्ये आला. रोज मलम लावणाऱ्यांची त्वचा, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी म्हातारी झाली. लायकोपिनच्याच कुळातल्या बीटा-कॅरोटिनच्या गोळ्यांनी मात्र एकंदरीत काहीही साधलं नाही. फिनलंडमध्ये तर धूम्रपान करणाऱ्यांत याच गोळ्यांनी फुप्फुसाचा कर्करोग वाढल्याचं १९९४ मध्येच समोर आलं होतं. नाचणीची साल, करवंदं, जांभळं, हिरडा यांतही पॉलिफिनॉल भरपूर असतात. ती खावीत, त्यांचे इतर गुण आहेतच. पण त्वचेबाबतचे त्यांचे दाखले बहुतेक प्रयोगशाळेतले आहेत, आणि ‘तारुण्य देणारी नाचणी पावडर’ असं पाकिटावर छापल्याने ते माणसांवरचे होत नाहीत.

एक आक्षेप जास्त वजनाचा आहे. हे प्रयोग गोऱ्या कातडीवर झाले. आपल्याकडे मेलॅनिन आधीच पहारा देतं. म्हणूनच आपल्याकडे सुरकुत्या उशिरा येतात, पण वांग आणि काळे डाग लवकर. हे डाग केवळ अतिनील किरणांनी नाही, साध्या दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतात, आणि त्यापुढे टोमॅटोवर भिस्त ठेवता येत नाही. तिथे कापडच हवं. लुगड्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवून शेतात उतरणाऱ्या बाया हे कुठल्याही चाचणीविना करत आल्या आहेत. पुरुषांची पांढरी टोपी मात्र कमी पडते; तिला काठ नसल्याने कान आणि मान उघडीच राहते. तेव्हा टोपीवर उपरणं घ्या, दुपारी अकरा ते तीन जमेल तेवढं सावलीत काढा, टोमॅटो स्वस्त असेल तेव्हा तेलात आटवून पोटभर खा. आणि विडी-सिगारेट ओढत असाल तर बीटा-कॅरोटिनच्या गोळीला हात लावू नका.