यंत्राचा सवंगडी

लहान मूल भाषा शिकते ते शब्दांच्या याद्या घोकून नव्हे, तर गरजेपोटी. बडोदे जिल्ह्यातील करजणचेच उदाहरण घ्यावे. गायकवाडी अमदानीपासून या मुलखात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. अशा घरातील मुलाला गुजराती शिकविण्यासाठी फारसा खटाटोप करावा लागत नाही. गल्लीतल्या खेळात आपला डाव मागायचा तर तो गुजरातीतच मागावा लागतो, आणि तेवढ्याने ती भाषा त्याच्या जिभेवर बसते. इंग्रजीची गोष्ट निराळी. ती पुस्तकात असते, फळ्यावर असते. पण तीत बोलावे असा सवंगडी नसतो. त्यातून एखादा उच्चार चुकला आणि वर्ग हसला, की मूल गप्प होते. आणि गप्प झालेल्या मुलाला पुन्हा बोलते करणे फार कठीण.

हा सवंगडी यंत्राने पुरवावा, असा विचार आता पुढे आला आहे. मुंबईच्या आय. आय. टी. परिसरातील केंद्रीय विद्यालयाचे शिक्षक दिनेश पटेल यांनी टाकाऊ वस्तूंतून ‘शालू’ नावाची यंत्रबाला घडविली. मराठी व गुजराती धरून 47 भाषांत तिने बोलावे, अशी तिची रचना असल्याचे 2021 साली प्रसिद्ध झाले.

परंतु यंत्र बोलले म्हणजे मूल शिकले, असे होते काय? जपानमधील एका प्राथमिक शाळेत इंग्रजी बोलणारा ‘रोबोव्ही’ दोन आठवडे ठेवला होता. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात प्रथम मुलांची झुंबड उडाली. दुसऱ्या आठवड्यात बहुतेकांचे कुतूहल ओसरले. जी थोडी मुले त्याच्याशी बोलत राहिली, त्यांचे इंग्रजी सुधारले. नेदरलँड्समध्ये पाच-सहा वर्षांच्या 194 मुलांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष 2019 साली निघाला. मुले इंग्रजी शब्द शिकली खरी. पण टॅब्लेटच्या जोडीला यंत्रमानव दिल्याने नुसत्या टॅब्लेटहून अधिक लाभ झाला नाही.

मग यंत्राचा उपयोग कोठे? त्याचे उत्तर जपानमधीलच 2012 च्या एका प्रयोगात सापडते. तेथे यंत्रमानव गुरू नव्हता, शिष्य होता. तो मुद्दाम चुके, आणि तीन ते सहा वर्षांची मुले त्याचा हात धरून त्याला इंग्रजी क्रियापदे शिकवीत. अशी शिकविलेली क्रियापदे मुलांच्या अधिक ध्यानात राहिली. कारण उघड आहे. शिकविणाऱ्याला शब्द स्वतः आठवावा आणि उच्चारावा लागतो. आणि ऐकणाऱ्याला आपल्याहूनही कमी येते, म्हटल्यावर लाज वाटण्याचे कारण उरत नाही.

करजणजवळच्या मियागामहून डभोईस जाणारी रेल्वे 1862 साली सुरू झाली, तेव्हा तिचे डबे बैल ओढीत असत. रूळ आणि डबे असले, तरी ओढणारे कोणी लागतेच. भाषेच्या शिक्षणात ती ओढ मुलाच्या बोलण्याच्या गरजेत असते. यंत्रमानवाला ती गरज निर्माण करता आली, तर त्याचे स्वागत करावे. न आली, तर धाकट्या भावंडाला अथवा बाहुलीला शिकविण्याचा खेळ मुलाच्या हाती द्यावा; त्याला पैसाही लागत नाही.