काळा टी-शर्ट, निळा सूट

२०२५ मध्ये ५ जुलैला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर ब्लॅक सॅबथ या मेटल बँडचे मूळचे चौघे शेवटचं एकत्र वाजवून गेले आणि २२ जुलैला त्यांचा गायक ऑझी ऑस्बर्न गेला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी बीड शहरात पहिल्यांदा प्रवासी रेल्वे आली. या दोन बातम्या एका दमात सांगणारा माणूस बीडमध्ये कदाचित मीच असेन, पण माझ्या लेखी त्यांचा संबंध आहे. परळीला रेल्वे कधीपासूनच होती, बीडकरांना मात्र पुणं असो की औरंगाबाद, एसटीच. माझ्या पिढीकडे जे जे बाहेरून आलं, कॅसेटी, कोटाचं कापड, जुनी इंग्रजी मासिकं, ते सगळं एसटीच्या टपावरून नाहीतर मांडीवरच्या पिशवीतून आलं.

मला तीन नाद आहेत: डेथ आणि ब्लॅक मेटलचं संगीत, मापानं शिवून घेतलेले जुन्या घाटाचे पुरुषी कपडे, आणि जुन्या काळातल्या वापरातल्या वस्तू. यांचा एकमेकांशी मेळ कसा, असं लोक विचारतात. पहिल्याला ते गोंगाट म्हणतात, दुसऱ्याला मिरवणं आणि तिसऱ्याला भंगार. मला तिन्हींत एकच गोष्ट ओढून नेते, ती म्हणजे कारागिराचा काटेकोरपणा. इतकंच मनाशी धरून हा आढावा घेतो आहे.

सुरुवात कारखान्यात होते. ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी १७ वर्षांचा असताना बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्यानं साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चढवलं. तारा बारीक घेतल्या आणि पुढे सूरही खाली उतरवला. सैल तारांचा तो जड, गढूळ आवाज १९७० च्या पहिल्या अल्बमनंतर घट्ट होत गेला आणि पुढचं सगळं मेटल त्यावर उभं राहिलं. त्याच परिसरातल्या नेपाम डेथनं १९८७ साली ‘स्कम’ काढला. त्यातलं ‘यू सफर’ हे गाणं सव्वा सेकंदाच्या आसपास संपतं. ऐकणारे हसतात, पण तीन माणसांनी एकाच क्षणी सुरू होऊन एकाच क्षणी थांबणं किती अवघड आहे, हे ज्यानं कधी भजनात टाळ धरला असेल त्याला लगेच कळेल. त्याच वर्षी अमेरिकेत, फ्लोरिडाच्या चक शुल्डिनरनं ‘डेथ’ या बँडचा पहिला अल्बम काढला.

या संगीतातली गुरगुर म्हणजे ओरडणं, असा समज आहे. ओरडणाऱ्याचा गळा दोन गाण्यांत बसेल. इथे स्वरतंतूंच्या वरच्या घड्या कंपित करायच्या असतात आणि श्वास पोटातून धरायचा असतो, गळा मोकळा ठेवून. ड्रमरचं तेच. ‘ब्लास्ट बीट’मध्ये दोन्ही हात आणि पाय इतक्या वेगानं चालतात की मनगट जरा आखडलं तरी चाल विस्कटते. वेग येतो तो सैल मनगटातून, वर्षानुवर्षं मेट्रोनोमसमोर बसून. ज्यांना हे संगीत रागाचं वाटतं त्यांना मी नेहमी सांगतो, रागावलेल्या माणसाला हे वाजवता येणार नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेच्या ब्लॅक मेटलवाल्यांपैकी काहींनी चर्च जाळली, खून झाले. १९९२ मध्ये जळालेलं फांटोफ्टचं लाकडी चर्च शेकडो वर्षांच्या सुतारकामाचा नमुना होतं. त्या काळातले अल्बम आजही ऐकावेसे वाटतात, पण त्या कृत्यांना कलेच्या बंडाचं नाव देणारे मला मान्य नाहीत.

आपल्याकडे मुंबईचं रंगभवन हे या संगीताचं पहिलं घर. १९८६ पासून तिथे ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव व्हायचा. नंतर तो परिसर शांतता क्षेत्रात गेला आणि मैफली बंद पडल्या. भारतीय रॉकचं सर्वांत चिवट मासिक ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ मात्र मुंबईतून नव्हे, १९९३ साली अलाहाबादहून निघालं. माझ्यासारख्या जिल्ह्याच्या गावातल्या माणसाला ही गोष्ट फार धीर देणारी वाटत आली आहे. २००० साली मुंबईत साहिल मखिजानं डेमॉनिक रिझरेक्शन हा बँड सुरू केला. त्यांच्या २०१७ च्या ‘दशावतार’ अल्बममध्ये मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवतारावर एकेक गाणं आहे. २००३ मध्ये आलेल्या बँडनं तर नावच ‘भयानक मौत’ ठेवलं. आणि २००७ चा गटस्लिट: त्यांचा बासवादक गुरदीपसिंग नारंग काळी पगडी बांधून मंचावर उभा राहतो आणि बँडच्या चित्रांतलं भयाण पात्रही पगडीवालंच आहे. युरोपातल्या महोत्सवांत हे लोक वाजवून आले ते स्वतःच्या डोक्यावरचं कापड न उतरवता. मला त्यांचं संगीत आवडतंच, पण ती पगडी त्याहून काकणभर जास्त.

बीडमध्ये हा आवाज परका आहे का? मला तसं वाटत नाही. जत्रेत हलगी ऐकावी. आधी जाळावर धरून कातडं तापवतात, बोटानं टिचकी मारून ताण बघतात, मग एका हातात जाड आखूड काठी, दुसऱ्यात लांब बारीक काडी. बारीक काडीचा तडतडाट आणि जाड काठीचा घाव यांतलं अंतर जसजसं कमी होत जातं तसे पाय आपोआप हलतात. गोंधळ्याच्या संबळाचा खालचा घुमारा तर थेट छातीत उतरतो. ब्लास्ट बीट पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो नवा वाटला नाही, याचं कारण हे असावं.

पण हलगीचं कौतुक करताना जपून राहावं लागतं. मातंग, महार समाजाच्या माणसांना ती गावकीचं काम म्हणून वाजवावी लागायची. मेलेल्या जनावराचं कातडं त्यांनीच काढायचं, लग्नात आणि मयतीत त्यांनीच वाजवायचं आणि पंगतीत लांब बसायचं. आंबेडकरी चळवळीत अनेकांनी ती खाली ठेवली, आणि का ठेवली हे समजून घेतल्याशिवाय तिच्या तालाबद्दल बोलू नये. ज्या घरांतून हलगी गेली त्यांपैकी कित्येक घरांत भिंतीवर सूट घातलेला माणूस आला.

मराठवाड्यातल्या पुरुषी पेहरावाचा खरा इतिहास लिहायचा तर तो या निळ्या सुटापासून लिहावा लागेल. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हापासूनच्या छायाचित्रांत कोट-टाय दिसतो. आपल्या देशात कोणी काय नेसावं, किती खाली नेसावं, धातू कोणता घालावा, हे जात ठरवत होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी बायकांना सांगितलं, अस्पृश्य म्हणून ओळखू येईल अशी लुगडी नेसू नका, त्या जातीखुणेच्या जड दागिन्यांचा सोस सोडा. कापडाचं राजकारण इतकं नेमकं ओळखलेला दुसरा नेता माझ्या माहितीत नाही. त्या काळच्या पुढाऱ्यांना साधं राहून मोठं दिसणं परवडत होतं. ज्याला चांगलं नेसण्याचीच बंदी होती त्याच्या सुटाला खादीच्या फुटपट्टीनं मोजणं मला अन्याय वाटतं. त्यांचे कोट नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात जपून ठेवलेले आहेत. आमच्याकडे औरंगाबादेत त्यांनी १९५० साली कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. तिथे शिकून गावाकडे आलेल्या पहिल्या पिढीच्या अंगावर इस्त्रीची पँट आणि खोचलेला शर्ट असायचा.

निळा रंग १९४२ च्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या झेंड्याचा. बीड, केज, माजलगाव, गेवराई, कुठेही जा, बाबासाहेबांच्या पुतळ्याचा सूट निळा. मी हे पुतळे कोट म्हणूनही बघतो. ज्या शिल्पकाराला कोट कळला आहे त्याच्या पुतळ्यात कॉलर मानेला चिकटलेली असते, उजवा हात उचलला तरी ती सुटत नाही. लॅपल मुडपून सपाट न होता हलकी वळते. खिशाला पेन असतं आणि पेनाच्या वजनानं खिसा किंचित झुकलेला असतो. घाईनं केलेल्या पुतळ्यात हात वर जातो आणि अख्खा कोट त्याच्यामागे उचलला जातो. मुंढा खोल कापला की जिवंत माणसाच्या कोटाचंही हेच होतं.

त्याआधी शेरवानी होती. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. दरबारी पोशाख म्हणजे शेरवानी, डोक्याला दस्तार आणि कमरेला बगलूस, म्हणजे बकलाचा पट्टा. शिकलेले हिंदूही शेरवानी घालत, कारकुनापासून वकिलापर्यंत. सहावा निजाम महबूब अली खान एकदा घातलेला कपडा पुन्हा अंगाला लावत नसे असं सांगतात. त्याच्या कपड्यांची लांबच लांब कपाटं हैदराबादच्या पुरानी हवेलीत आजही बघायला मिळतात. त्याचा मुलगा उस्मान अली खान जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणवला जायचा आणि चुरगळलेली जुनी शेरवानी, मळकी टोपी घालून हिंडायचा. सप्टेंबर १९४८ नंतर शेरवानी आमच्या बाजारातून फार लवकर ओसरली. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांच्या आठवणी ताज्या असताना तसं होणं स्वाभाविक होतं. तरी बीडच्या कारंजा, बशीरगंज भागातल्या जुन्या शिंप्यांच्या हातात तिची गळपट्टी कापायची अक्कल राहिली, आणि बंदगळा कोट शिवायचा तर मी अजूनही तसाच हात शोधतो.

मग टेरिकॉट आलं. उन्हाळ्यात ४० च्या वर पारा, पाण्याची टंचाई, इस्त्रीला कोळसा: धुतलं की वाळणारं आणि न चुरगळणारं कापड इथे जिंकणारच होतं. सफारी सूट हा त्याचाच अवतार. त्याला नावं ठेवणं सोपं आहे, पण आमच्या मास्तरांना, ग्रामसेवकांना त्यानं टायविना साहेबी दिली. ठाण्याच्या रेमंड या कापड कंपनीला २०२५ मध्ये १०० वर्षं झाली. त्यांच्या सूटपीसची पेटी लग्नात सासऱ्याकडून येणं ही आमच्याकडे एक संस्थाच होती. पुष्कळांनी ती पेटी कधी शिवलीच नाही. मला आजवर मिळालेलं सर्वांत चांगलं जुनं कापड अशा न उघडलेल्या पेट्यांतलं आहे, घट्ट विणीची लोकर, पन्नास वर्षांनंतरही हातात जिवंत वाटणारी.

ती लोकर शिवायला देताना एकच प्रश्न विचारायचा: आत पेस्टिंग घालणार की कॅनव्हास? पेस्टिंग म्हणजे डिंकाचं अस्तर गरम इस्त्रीनं चिकटवणं. काम झटपट होतं, छातीही ताठ दिसते, पण काही धुलायांनंतर फोड येतात. कॅनव्हास म्हणजे लोकर आणि केसांची वीण असलेलं कापड छातीच्या आकारात तिरक्या छोट्या टाक्यांनी पकडणं. टाका वरच्या कापडाचा जेमतेम एक धागा उचलतो आणि प्रत्येक टाका घेताना डाव्या हाताच्या बोटांवर लॅपल थोडी वळवून धरायची असते. हे वळण आत शिवलं जातं, म्हणून कोट लटकवून ठेवला तरी लॅपल आपली आपण वळते. माझ्या ओळखीचे शिंपी मास्टर सत्तरी ओलांडलेले आहेत. ते हा टाका बोलता बोलता घालतात आणि मुंढ्यापाशी आले की बोलायचं थांबतात. त्यांच्याकडे मुलं शिकायला येत नाहीत, रेडिमेडच्या दुकानात पगार महिन्याला मिळतो.

जुन्या वस्तूंबद्दल थोडक्यात. एचएमटीनं १९६१ पासून सिटिझनच्या मदतीनं बंगळुरूला घड्याळं केली. ‘जनता’ हे चावीचं घड्याळ वडिलांच्या पिढीच्या मनगटावर सर्रास होतं. २०१६ मध्ये सरकारनं तिची घड्याळांची कंपनी बंद करायचं ठरवलं आणि मग शौकीन जागे झाले. आता बाजारात ज्या रंगीबेरंगी तबकड्यांची ‘जनता’ मिळतात त्यांतल्या पुष्कळशा मागाहून रंगवलेल्या असतात. पांढरी, डागाळलेली, अक्षरं जराशी पुसट झालेली तबकडी घ्यावी. ती घरच्या ड्रॉवरमध्येच सापडण्याची शक्यता जास्त.

मेटलवाल्यांचा स्वतःचाही एक जुना कपडा आहे: बाह्या कापलेलं डेनिम जॅकेट, त्यावर आवडत्या बँडांचे पॅच. एकेक पॅच वर्षानुवर्षं जमवून शिवलेला, आजीच्या गोधडीसारखा. काळ्या रंगाचं आपल्याकडे वावडं, संक्रांत सोडली तर. माझ्या काळ्या टी-शर्टांवर घरातल्या मोठ्यांनी बरीच वर्षं नाराजी धरली.

असल्या नादाला अतिरेक म्हणणाऱ्यांना मी अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी बघायला सांगतो. दासोपंत हे १५५१ ते १६१५ मधले संतकवी. ‘गीतार्णव’ लिहून ज्याचं भागलं नाही त्या माणसानं सुमारे ४० फूट लांब कापडावर पंचीकरणाचा वेदान्तातला विषय आकृत्यांसह लिहून काढला. कापडावर शाई फुटते, ओळ वाकते. तरी अक्षर सरळ आहे.

या पावसाळ्यात मी माझं डेनिम जॅकेट मास्टरांकडे नेलं. गटस्लिटचा पॅच लावायचा होता. त्या बँडची अक्षरं झाडाच्या मुळ्यांसारखी एकमेकांत गुंतलेली असतात, वाचता येत नाहीत. मास्टरांनी चष्मा चढवून ती बराच वेळ पाहिली, हे काय लिहिलंय विचारलं नाही. पगडीवाल्या चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, “याला मशीन मारू नका, कड गोळा होईल. काजाचा टाका घेतो हातानं. दोरा काळाच ना?” आणि शनिवारी न्यायला या म्हणाले.