ट्रॉली ओढता येते. थांबवता येते का?

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर-सांगलीपासून पश्चिम उत्तर प्रदेशापर्यंतच्या रस्त्यांवर उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या धावू लागतात. ट्रॉलीचा आकार बहुधा ट्रॅक्टरची अश्वशक्ती पाहून ठरतो. परंतु अश्वशक्ती भार हलवते. तो रोखण्याचे काम ट्रॅक्टरचे वजन, टायरची पकड आणि ब्रेक करतात. ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन साधारण २ टन. त्यामागे ८ टनांची बिनब्रेकची ट्रॉली उताराला लागली, तर तीच ट्रॅक्टरला ढकलू लागते. वळणावर हा धक्का तिरका बसतो आणि ट्रॅक्टर आडवा फिरतो. वेग दुप्पट झाला, तर रोखावयाची ऊर्जा चौपट होते. दुसरी ट्रॉली जोडताना याचा हिशेब क्वचितच होतो.

डिझेल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करणे ही खोटी बचत होय. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. शेतात वळण्यासाठी सुटी ठेवलेली ब्रेकची दोन पेडल रस्त्यावर येण्याआधी कडीने जोडावीत, नाहीतर एकाच बाजूचे चाक अडते. ही कडी अनुभवी चालकही विसरतात.

ट्रॉली ड्रॉबारलाच, मागील आसाच्या उंचीखाली जोडावी. जोड उंच असेल, तर चढावर पुढची चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. पिनेला अटकाव आणि जोडीला सुरक्षा साखळी असावी.

लोंबणारा ऊस मागील परावर्तक झाकतो. म्हणून ट्रॉली भरल्यावर, निघण्यापूर्वी, एकदा मागे जाऊन पाहावे.