काय वाचवायचंय ते आधी लिहा

पहिल्या दहा मिनिटांत आलेल्या चिठ्ठ्या अशा होत्या: घाटसफाई, निर्माल्य संकलन, जनजागृती, शाळांमध्ये चित्रकला स्पर्धा, पुन्हा जनजागृती. ताईंनी त्या एकेक करून वाचल्या, खिडकीकडच्या भिंतीवर नीट चिकटवल्या आणि म्हणाल्या, "ही तुमची कामं झाली. मी विचारलं होतं, वाचवायचं काय आहे?" समोरचा खाकी कागद कोराच होता.

पुण्यात शनिवार पेठेत, ओंकारेश्वराच्या मागच्या अंगाला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर मुठा नदीसाठी काम करणारा एक गट सतरंजीवर बसला होता. या ताई त्यांच्या नेत्या नव्हेत, तज्ज्ञ म्हणूनही आलेल्या नव्हत्या. निसर्गसंवर्धन करणाऱ्या गटांना स्वतःचा आराखडा स्वतः करायला लावणं हे त्यांचं काम, आणि ते कसं चालतं हे बघायला मी कोपऱ्यात बसलो होतो.

पद्धत बाहेरून आलेली आहे. जगातल्या काही मोठ्या संवर्धन संस्था २००२ मध्ये एकत्र आल्या आणि २००४ मध्ये त्यांनी 'ओपन स्टँडर्ड्स' नावाची नियोजनाची चौकट पहिल्यांदा मांडली. नंतर तिच्या सुधारित आवृत्त्याही निघाल्या. सांगायला सोपी आहे: काय वाचवायचं ते ठरवा, त्याला धोका कशाचा ते शोधा, उपाय निवडा, करा, मोजा, बदला. करताना मात्र माणसं घायकुतीला येतात.

कागद भरायला दुपार झाली. मासे. काठावरची वाळुंज, करंज, उंबर. पात्रातले खडक आणि डोह. पाणपक्षी. मासे म्हटल्यावर ताईंनी विचारलं, "कुठले?" एका तरुणाने फ्रेझरचं नाव काढलं. या माणसाने १९४२ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात पुण्याच्या माशांची नोंद छापली होती. आज पुलावरून गळ टाकणाऱ्याला विचारलं तर तो चिलापीचं नाव घेतो, आणि चिलापी इथली नाही. मग नदी 'चांगली' कधी म्हणायची? १९४२ ची की निदान मासा जगेल एवढी? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासे आणि वन्यजीवांसाठी लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू लागतो. गटाने तूर्त तो आकडा धरला.

मधेच पानशेत धरणफुटीचा पूर आलाच. शनिवार पेठेत नदीविषयी बैठक असावी आणि १२ जुलै १९६१ निघू नये, हे शक्य नाही. पाणी कुठवर चढलं, कोणाचा वाडा बसला, कोण गच्चीवर अडकलं. दुसरा कोणी असता तर "विषयावर येऊ या" म्हणाला असता. ताईंनी गप्प बसून ऐकलं आणि प्रत्येक खूण नकाशावर मांडून घेतली. पात्र कुठे रुंद होतं, भराव कुठे पडला, आजचा रस्ता कुठल्या वाळूवर उभा आहे, हे सगळं त्या आठवणींतून निघालं. मला वाटतं या कामातली खरी हातोटी हीच असावी.

खटका उडाला तो धोक्यांना गुण देताना. प्रत्येक धोक्याला तीन प्रश्न: किती भागावर पसरलाय, किती खोल इजा करतो, आणि उलटवता येईल का. खडकवासल्याच्या खाली पावसाळा सोडला तर धरणाचं पाणी कालव्यात आणि शहराच्या नळांत जातं. पात्रात उरतं ते मुख्यतः सांडपाणी. प्रवाहाचा अभाव आणि मैलापाणी सगळ्यात वर गेले, त्यांच्या खाली काठाचं काँक्रीट. निर्माल्य तळाला. तिथे एक काका उठून उभे राहिले. "म्हणजे अनंत चतुर्दशीला आम्ही इतकी वर्षं घाटावर उभे राहिलो ते उगाच?"

"उगाच कोण म्हणतंय काका? तुम्ही उभे राहिलात त्याने नदीचं काय झालं, ते 'जर-तर' करून सांगा."

ही 'जर-तर'ची साखळी म्हणजे सगळ्या पद्धतीचा कणा. निर्माल्य गोळा केलं, तर लोकांशी बोलणं होतं. बोलणं झालं, तर जागृती होते. जागृती झाली, तर... इथे सगळे थांबले. कोण जागृत झाला? त्याने कुठली सही केली, कुठल्या दारात जाऊन बसला?

कोकणातल्या वेळासच्या कासवांचं उदाहरण ताईंनी इथे दिलं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडलेची घरटी राखायला सुरुवात केली. अंडी माणसं नेत आणि कोल्हे-कुत्रे उकरत. नुसती अंडी राखून भागलं नाही, पुढे कासव महोत्सव आला, पाहुणे गावातल्या घरांत उतरू लागले आणि कासव जिवंत राहण्यात गावाचा फायदा दिसू लागला. म्हणजे साखळीतला मधला दुवा भरला. तरीही समुद्रात सोडलेली पिल्लं हा कामाचा आकडा. ती मोठी होऊन अंडी घालायला परतली का, हे कळायला दशक जातं.

आराखडा कोणाचा, हाही प्रश्न निघाला. नदीपलीकडे डेक्कनला कार्यालय असलेल्या कल्पवृक्ष या संस्थेने दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला देशाच्या जैवविविधता आराखड्याचं समन्वयन केलं होतं. हजारो लोक त्यात बोलले, सत्तरच्या आसपास स्थानिक, राज्यवार आणि विषयवार आराखडे झाले. केंद्राने अंतिम मसुदा स्वीकारला नाही. २००५ मध्ये तो संस्थेनेच प्रसिद्ध केला आणि सरकारचा स्वतःचा कृती आराखडा २००८ मध्ये आला. लोकसहभाग भरपूर असूनही अंमल करणारा हात दुसऱ्याचाच असतो. म्हणून ताईंचा आग्रह: प्रत्येक ओळीपुढे ते काम खरोखर करू शकणाऱ्या माणसाचं नाव हवं.

शेवटी कागदावर फार थोडं उरलं. घाटाच्या वरच्या बाजूला पात्रात उघडणारं सांडपाण्याचं एकच तोंड निवडलं. त्याच्या वर आणि खाली दरमहा प्राणवायू मोजायचा, आकडे घेऊन महापालिकेच्या संबंधित अभियंत्याकडे जायचं, धरणातून सोडलेल्या पाण्याची माहिती माहिती अधिकारात मागायची. चित्रकला स्पर्धा गेली. फारसं कोणी हळहळलं नाही.

निर्माल्य राहिलं, पण अटीवर. यंदा घाटावर येणाऱ्यांपैकी किमान दहा जण मासिक मोजणीला नाव देतील आणि दिवाळीनंतरही येत राहतील, तर पुढच्या वर्षी चालू, नाहीतर बंद. काकांनी दहाचे सात करून मागितले. अर्धा तास घासाघीस झाली आणि आकडा आठवर तुटला.