गुण आला, पण कशाने?

परभणी जिल्ह्याच्या नावावर जात्याच्या दोन गोष्टी आहेत. एक गंगाखेडच्या जनाबाईची. तिच्या जात्याला विठ्ठलाने हात लावला, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. दुसरी गोष्ट घडली शिर्डीत, पण साईबाबांचा जन्म पाथरीचा असा आपला दावा असल्यामुळे तीही आपलीच म्हणायची. पटकीची साथ आली, बाबांनी गहू दळले, ते पीठ गावाच्या शिवेवर टाकायला लावलं आणि साथ हटली, असं साईसच्चरित्राच्या पहिल्याच अध्यायात आहे. एका गोष्टीत देव दळणारणीचा शीण हलका करतो, दुसरीत थेट रोगाला वाट दाखवतो. माणूस श्रद्धेकडे तब्येतीपुरतं जे मागतो ते या दोन्हींत आलं. निजामी संपल्यापासूनची पंचाहत्तर वर्षं धुंडाळली तर जिल्ह्यात पहिलं मागणं बऱ्याचदा पुरं झालेलं दिसतं. दुसऱ्याचं श्रेय मात्र भलत्याच्याच खात्यावर जमा होत राहिलं.

पहिल्याबद्दल आधी. पहाटे दोघी जावा समोरासमोर बसायच्या, एकीचा हात खुंट्यावर वर, दुसरीचा खाली, आणि ओवी सुरू व्हायची. सासरचा जाच, माहेरची ओढ, न राहिलेलं पोर, सगळं विठ्ठलाच्या नावाने पिठाबरोबर बाहेर पडायचं. सासू पलीकडच्या खोलीत जागीच असे, सगळं ऐकत असे, पण ओवीला जाब विचारायची रीत नव्हती. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर फिरून अशा लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहाकडे साहित्य म्हणून पाहिलं गेलं, लोकसंस्कृती म्हणून पाहिलं गेलं. मला तो खेड्यातल्या बायकांच्या मनाच्या दुखण्यांचा दप्तरखानाही वाटतो. मग गावोगाव वीज आली, पिठाची गिरणी आली आणि जातं ओसरीच्या कोपऱ्यात गेलं. खांदे सुटले, हे चांगलंच झालं. त्या मेहनतीचे गोडवे गाणाऱ्याने तासभर दळून दाखवावं. पण रोज पहाटे मनातलं बोलून टाकायची सोयही गिरणीने नेली. तिची जागा पुढे थोडीफार भरली ती बायकांच्या हरिपाठाने आणि भजनी मंडळांनी.

आता दुसरं मागणं, रोग हटवण्याचं. विंचू चावला की मांत्रिकाकडे न्यायचं, ही आपल्याकडे अगदी अलीकडपर्यंतची रीत. तो मंत्र टाकायचा, कडुनिंबाचा पाला फिरवायचा, सकाळपर्यंत कळ उतरायची. गुण यायचाच. कारण बहुतेक दंश जिवावरचे नसतात, एका रात्रीत आपसूक उतरतात. साप बिनविषारी असला तरी मांत्रिकाचंच नाव व्हायचं. लाल विंचवाने मात्र माणसं दगावत, आणि त्यांचा हिशेब मांत्रिकाच्या नावे कधी मांडला गेला नाही. तो मांडला आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेड गावच्या पोराने, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी, महाडकडच्या सरकारी दवाखान्यात बसून. प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध त्यांनी विंचूदंशावर वापरलं आणि जिथे गंभीर रुग्णांतले शेकडा चाळीसपर्यंत दगावत, तिथे ते प्रमाण शेकडा एकच्या आसपास आलं. मंत्राची गरज कशी संपली याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा सापडणार नाही. 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप-विंचू-कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून गंडादोरा करणं गुन्हा ठरलं. तो कायदा ज्यांच्या खुनानंतर झाला ते दाभोलकर, आणि साईसच्चरित्र लिहिणारे हेमाडपंत तेही दाभोलकरच. आडनावांचा योगायोग, दुसरं काही नाही. पण महाराष्ट्राचं सगळं त्रांगडं त्यात मावतं. गंमत अशी की शिर्डी संस्थानाने पुढे भक्तांच्याच पैशातून मोठं रुग्णालय उभारलं आणि तिथे हृदयाच्या शस्त्रक्रिया होतात. उदी कपाळाला, टेबल भूलतज्ज्ञाला. कुणाला त्यात विसंगती वाटत नाही. मलाही वाटत नाही.

मनाच्या आजाराचं मात्र इतकं सोपं झालं नाही. ‘डोक्यात फरक पडला’ किंवा ‘बाहेरचं झालंय’ म्हटलं की घरचे देवऋषी गाठायचे. त्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे. पण राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्याच्या वाट्याला कित्येक दशकं एकही नव्हतं. जिंतूरच्या आडगावातल्या माणसाने दोन दिवसांची मजुरी बुडवून येरवड्याला जायचं, की गावाशेजारच्या देवाच्या ठाण्यावर नारळ ठेवायचा? देवाच्या दारी निदान कुणी नोंद करत नव्हतं, वेडा म्हणत नव्हतं, आणि घरचं माणूस सोबत राहू शकत होतं. त्याची काळी बाजू देशाने 6 ऑगस्ट 2001ला पाहिली. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याभोवती चालणाऱ्या एका आश्रमात आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले मनोरुग्ण जागेवर जळाले. 28 जीव गेले. साखळी बांधण्यावर कायद्याने स्पष्ट बंदी यायला 2017चा मानसिक आरोग्य कायदा उजाडावा लागला.

आणि तरीही ज्येष्ठात शेगावची पालखी परभणीवरून गंगाखेडकडे निघते तेव्हा रस्त्याकडेला उभं राहून पाहावं. साठी उलटलेली माणसं भर उन्हात दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चालतात, ठरल्या वेळी खातात, ठरल्या वेळी झोपतात, आणि दिवसभर कुणाशी ना कुणाशी बोलत राहतात. शहरातला डॉक्टर याहून वेगळं काय लिहून देतो? त्यात माळेचं प्रकरण आणखी पक्कं. गळ्यात तुळशीची माळ पडली की दारू-मटण बंद. व्यसन सोडायचं म्हणून माळ घालणारे आणि बायकोने हट्टाने घालायला लावलेले, दोन्ही प्रकारचे माळकरी मी पाहिलेत. माळ टिकते ती एकट्याच्या निश्चयावर नव्हे. ती सगळ्या गावाला दिसते, म्हणून टिकते. गुत्त्याकडे वळलेल्या माळकऱ्याला ‘काय बुवा, इकडं कुठं?’ असं विचारणारा कुणीतरी पारावर बसलेलाच असतो. सगळ्यांचीच टिकते असं नाही. पोळ्याला माळ खुंटीला अडकवून ठेवणारेही आहेत.

अमेरिकेत 2016 साली 74 हजारांवर परिचारिकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. आठवड्यातून एकाहून अधिक वेळा प्रार्थनेला जाणाऱ्या बायकांचं मृत्यूचं प्रमाण सोळा वर्षांत, कधीच न जाणाऱ्यांपेक्षा तेहतीस टक्क्यांनी कमी निघालं. जाण्याने, बरं का. जाऊन चार माणसांत बसण्याने. त्यातला काही वाटा सोबतीचा होता, काही सिगारेट न ओढण्याचा, काही मन कमी खचण्याचा. याउलट 2006मधला प्रयोग घ्या. हृदयाची बायपास झालेल्या 1802 रुग्णांपैकी काहींसाठी परक्या लोकांनी दुरून प्रार्थना केली. काही फरक पडला नाही. उलट ज्यांना ‘तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे’ हे खात्रीने सांगितलं होतं, त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्तच दिसली. इतकं वाईट आहे का माझं, असं त्यांना वाटलं असावं, हा संशोधकांचाच एक तर्क.

इथवर ठीक. पण 2012, मग 2014 आणि 2015, पाऊस फिरला तेव्हा मनोवृत्तीवरची भाषणं ऐकून माझं डोकं फिरायचं. ‘शेतकऱ्याचं मनोबल वाढवा’, ‘सकारात्मक राहा’, ‘ध्यान करा’. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ हे म्हणत वाढलेल्या माणसाला सोसणं कुणी शिकवायची गरज नव्हती. बँकेची नोटीस, सोयाबीनचा भाव आणि लेकीचं लग्न यांवर प्राणायामाचा उतारा नाही. सरकारने तेव्हा मराठवाडा-विदर्भाच्या चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प आणला. आशाताई दारात येऊन विचारायची: झोप लागते का, जेवण जातं का, कशात मन लागतं का? नवरा ‘काही नाही, बरंय’ म्हणून बैलाकडे जायचा आणि खरं उत्तर चुलीपाशी बायको द्यायची. प्रकल्पाच्या उणिवा सांगायच्या तर पान पुरणार नाही. पण दुःखाबद्दल सरकारी माणसाने घरी येऊन विचारावं हे जिल्ह्यात पहिल्यांदा घडत होतं, आणि विचारणारी गावातलीच बाई होती. मे 2018पासून तो 2017चा मानसिक आरोग्य कायदा लागू झाला आणि जीव द्यायला निघालेला माणूस ताणाखाली होता असंच धरलं जाऊ लागलं. वाचलेल्याच्या उशाशी पोलीस बसणं निदान कागदावर तरी थांबलं.

मग 2020 आणि 2021. देवळं बंद, उरूस बंद, सप्ताह बंद, वारी एसटीने. त्या दोन आषाढांत म्हातारी माणसं घरात कशी मिटत गेली ते खेड्यातल्या कुणालाही विचारा. देव देव्हाऱ्यात होताच. नव्हती ती पंगत, नव्हते मांडीला मांडी लावून बसलेले टाळकरी.

आज परभणीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, 14416 या क्रमांकावर टेलिमानस ही मनाच्या दुखण्यांसाठीची सरकारी फोनसेवा मराठीत बोलते. गाठायचं कसं, हा प्रश्न उरलाच. गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ नावाचा उपक्रम चालला. मुजावर दुआ करतात आणि त्याच आवारातल्या डॉक्टरकडे पाठवतात. परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याच्या फेब्रुवारीतल्या उरुसात, गंगाखेडला, गावोगावच्या सप्ताहात हे करायला कुणाची ना आहे? वेगळा मांडव नको, पाटी तर नकोच. बीपी-शुगर तपासायचं टेबल हल्ली मांडतातच, त्याच्याच शेजारी आणखी एक खुर्ची टाकावी. म्हणजे तिथे बसलेला माणूस कशासाठी बसलाय ते समोरून जाणाऱ्या भावकीला कळायचं नाही.