वांग्याचा निकाल आणि राज्यव्यवस्था

जालन्याच्या महिको कंपनीने फळ पोखरणाऱ्या अळीला तोंड देणारं बीटी वांगं तयार केलं. ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ समितीने त्याला हिरवा कंदील दाखवला. पण समितीच्या वर मंत्री होते, आणि मंत्री संसदेला उत्तरदायी असतो. पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. शेतकरी, शास्त्रज्ञ, ग्राहक तावातावाने बोलले. अनेक राज्य सरकारांनी विरोध कळवला; शेती राज्यांच्या अखत्यारीत, त्यामुळे त्यांना डावलणं सोपं नव्हतं. ९ फेब्रुवारी २०१० रोजी, आणखी चाचण्या होईपर्यंत, लागवडीला स्थगिती आली. पुढे शेतातल्या चाचण्यांनाही राज्याची ना-हरकत लागू लागली.

बांगलादेशात घटकराज्यं नाहीत, सरकारी कृषी संशोधन संस्थाच बीटी वांग्याचे वाण आणत होती आणि सरकार ठाम होतं. तिथे २०१३ मध्ये परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षी रोपं शेतात गेली. जनुक मात्र तेच.

भारतात लोकांना विचारलं, हे मला मोलाचं वाटतं. पण स्थगितीला मुदत नव्हती. उरलेल्या चाचण्या कधीपर्यंत पूर्ण करायच्या, हे बांधून द्यायला हवं होतं. तीही सरकारचीच जबाबदारी होती.